आल्प्समधून वर्षाला फक्त साडेसहा लाख ट्रक: स्वित्झर्लंडच्या एका खात्याने दिलेल्या शब्दाचं पुढे काय झालं?

साडेसहा लाख. हा आकडा स्वित्झर्लंडच्या कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. आल्प्स पर्वत ओलांडून जाणारे मालवाहू ट्रक वर्षाला यापेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि ही मर्यादा २०१८ पर्यंत गाठलीच पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. २०१८ साली प्रत्यक्षात सुमारे ९ लाख ४० हजार ट्रक गेले. २०२३ मध्ये सुमारे ९ लाख १६ हजार. मुदत कधीच उलटून गेली. तरी कायद्यातला आकडा कुणी खोडलेला नाही, आणि दर दोन वर्षांनी सरकारला संसदेपुढे अहवाल ठेवून सांगावं लागतं की उद्दिष्ट अजून गाठलेलं नाही.

हा अहवाल ज्या खात्यात तयार होतो त्याचं नाव लांबलचक आहे: पर्यावरण, वाहतूक, ऊर्जा आणि दळणवळण खातं. तिथे ते 'डेटेक' या आद्याक्षरी नावानेही ओळखलं जातं. रेल्वे, महामार्ग, विमानसेवा, वीज, अणुऊर्जा, मोबाइलच्या लहरी, सरकारी रेडिओ-टीव्हीचं शुल्क, जंगलं, हवामान बदल, सगळं एकाच मंत्र्याच्या टेबलावर. आपल्याकडे याच कामांसाठी दिल्लीत सात-आठ मंत्रालयं लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मुळात सातच मंत्री असतात, आणि सातही जण समान दर्जाचे. राष्ट्राध्यक्षपद त्यांच्यातच दरवर्षी फिरतं. जानेवारी २०२३ पासून डेटेक आल्बर्ट रोश्टी यांच्याकडे आहे. त्यांच्याआधी सिमोनेटा सोमारुगा आणि त्याआधी डोरिस लॉयथार्ड यांनी ते सांभाळलं.

इथे आश्वासन देतं कोण?

आपल्याकडे घोषणा मंत्री करतात. स्वित्झर्लंडमध्ये मंत्र्याच्या घोषणेला फारसं वजन नसतं, कारण शेवटचा शब्द मतदारांचा. संसदेने केलेला कायदा पटला नाही तर १०० दिवसांत ५० हजार सह्या जमवायच्या, की त्यावर सार्वमत घ्यावंच लागतं. राज्यघटनाच बदलायची असेल तर १८ महिन्यांत एक लाख सह्या. वर्षातून साधारण चार वेळा अशी मतदानं होतात.

याचा परिणाम दुहेरी असतो. मतदारांनी एकदा उद्दिष्ट ठरवलं की खात्याला ते गुपचूप गुंडाळता येत नाही. आणि खात्याने वर्षानुवर्षं खपून आखलेली योजना एका रविवारी मतपेटीत बुडू शकते. डेटेकच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, काही वेळा लागोपाठ.

ट्रक रेल्वेवर चढवायचे, ही कल्पना आली कुठून?

उत्तर युरोपातून इटलीकडे जाणारा माल आल्प्स ओलांडूनच जातो. स्वित्झर्लंड बरोबर मधे. १९८० साली गोटहार्डचा १६.९ किलोमीटरचा रस्ता-बोगदा सुरू झाला आणि अरुंद डोंगरी खोऱ्यांमधून ट्रकची रांग लागली. धूर आणि आवाज खोऱ्यातच कोंडून राहतो. तिथल्या लोकांनी मोहीम काढली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये सार्वमत झालं. सरकारने विरोधात मत देण्याचं आवाहन केलं होतं. तरीही जवळपास ५२ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. एका सीमेवरून दुसऱ्या सीमेकडे जाणारा माल रेल्वेनेच जावा, आणि आल्प्समधल्या अशा रस्त्यांची क्षमता वाढवू नये, हे थेट राज्यघटनेत लिहिलं गेलं.

म्हणजे डेटेकला ज्या आश्वासनाचा हिशेब द्यावा लागतो, ते मुळात सरकारला नकोच होतं. साडेसहा लाखांचा आकडा नंतरच्या कायद्यात आला.

हे साधायला दोन हत्यारं वापरली गेली. पहिलं, पैसा. जानेवारी २००१ पासून जड ट्रकना कर लागू झाला. किती किलोमीटर धावला, वजन किती आणि इंजिन किती प्रदूषण करतं, या तिन्हीवर तो ठरतो. हा आपल्यासारखा नाक्यावरचा टोल नाही, ट्रक देशातल्या कुठल्याही रस्त्यावर धावला तरी मीटर पडतं. या उत्पन्नाचा दोन तृतीयांश हिस्सा केंद्राकडे जातो आणि त्यातून मोठे रेल्वे प्रकल्प उभे राहिले. थोडक्यात, ट्रकवाल्यांच्याच पैशातून ट्रकच्या स्पर्धकाला ताकद दिली गेली. युरोपीय संघाने याला मान्यता दिली, पण बदल्यात ट्रकची वजनमर्यादा २८ टनांवरून टप्प्याटप्प्याने ४० टनांवर न्यावी लागली.

दुसरं हत्यार म्हणजे बोगदे. २००७ मध्ये ३४.६ किलोमीटरचा ल्योचबर्ग, १ जून २०१६ रोजी ५७ किलोमीटरचा गोटहार्ड आणि २०२० मध्ये १५.४ किलोमीटरचा चेनेरी. गोटहार्ड हा जगातला सर्वात लांब रेल्वे बोगदा. अंदाज यावा म्हणून, सीएसएमटीहून लोकल पकडली आणि कल्याण मागे टाकलं तरी एवढं अंतर जेमतेम भरेल, आणि तेही सगळं डोंगराच्या पोटातून. आपल्या कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. एकट्या गोटहार्डला सुमारे १,२०० कोटी फ्रँक लागले. एक फ्रँक म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये धरा.

या बोगद्यांचं वैशिष्ट्य लांबीपेक्षा पातळीत आहे. जुनी रेल्वे डोंगरात वर चढून मग उतरायची, त्यामुळे जड मालगाडीला जादा इंजिनं जोडावी लागत. नवे बोगदे पायथ्याच्या उंचीवरून जातात, चढ जवळपास नाहीच. कमी इंजिनांत जास्त माल, तोही कमी वेळात.

मग ट्रक कमी का झाले नाहीत?

खरं तर झाले. २००० साली सुमारे १४ लाख ट्रक आल्प्स ओलांडत होते, आता नऊ-साडेनऊ लाखांच्या घरात आहेत. स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी जवळपास ७० टक्के माल रेल्वेने जातो. शेजारच्या ऑस्ट्रियातल्या एकट्या ब्रेनर खिंडीतून वर्षाला सुमारे २४ लाख ट्रक जातात, म्हणजे स्वित्झर्लंडच्या सगळ्या खिंडी मिळून जातात त्याच्या अडीचपट. त्यामुळे धोरण फसलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण कायद्यातलं उद्दिष्ट 'शेजाऱ्यापेक्षा बरं' असं नव्हतं, साडेसहा लाख असं होतं. आणि गेल्या काही वर्षांत घसरण थांबून आकडा पुन्हा थोडा वर सरकला आहे. काळजीची गोष्ट ही.

सर्वात मोठं कारण स्वित्झर्लंडच्या हद्दीबाहेर आहे. बोगद्यातून सुसाट निघालेली मालगाडी उत्तरेला जर्मनीत शिरते आणि तिथे ऱ्हाईन खोऱ्यातल्या जुन्या, गर्दीच्या मार्गावर अडकते. कार्ल्सरूह ते बासेल हा मार्ग चौपदरी करण्याचं जर्मनीने १९९६ च्या लुगानो करारात कबूल केलं होतं. ते काम आता २०४० च्या दशकावर गेलं आहे. त्याच मार्गावर रास्टाट इथे ऑगस्ट २०१७ मध्ये नव्या बोगद्याचं काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि युरोपातला हा मुख्य मालमार्ग जवळपास दोन महिने बंद पडला. कारखानदाराला एकदा असा फटका बसला की तो पुढच्या वेळी ट्रकच मागवतो.

दक्षिणेला इटलीकडे वेगळी अडचण होती. उंच ट्रेलर वाहून नेण्यासाठी रेल्वेमार्गावर चार मीटर उंचीची मोकळी जागा लागते आणि इटलीतल्या जुन्या बोगद्यांत ती नव्हती. इथे डेटेकने जे केलं ते आपल्याकडे विचित्र वाटेल. शेजारच्या देशातलं ते काम स्वित्झर्लंडने स्वतःच्या खिशातून, १२ कोटी युरो देऊन, करून घेतलं. जर्मनीच्या बाबतीत मात्र काम इतकं मोठं आहे की हा उपाय चालत नाही.

त्यात १० ऑगस्ट २०२३ रोजी गोटहार्ड बोगद्यातच मालगाडी घसरली. एका वाघिणीचं चाक फुटलं होतं. कुणी दगावलं नाही, पण सात किलोमीटरच्या आसपास रूळ आणि सुमारे २० हजार स्लीपर बदलावे लागले. बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला.

आणखी एक गोष्ट कोकणवासीयांना ओळखीची वाटेल. आख्खा ट्रक चालकासकट रेल्वेवर चढवून न्यायचा, ही रो-रो सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू केली. स्वित्झर्लंडमध्येही जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोवारापर्यंत अशी सेवा होती, 'रोला' नावाची. सरकारी अनुदानावर ती २०२८ पर्यंत चालायची होती. पण रुळांच्या कामांमुळे गाड्या रद्द होत राहिल्या, तोटा वाढला आणि ती तीन वर्षं आधीच, २०२५ च्या अखेरीस गुंडाळायचं ठरलं. अशी सेवा बंद पडली की तिच्यावरचे ट्रक पुन्हा रस्त्याकडे वळण्याचा धोका असतोच.

देशातल्या रस्त्यांचं आणि रेल्वेचं काय?

इथे मतदारांनी खात्याला थेट थांबवलं. सहा ठिकाणी महामार्ग रुंद करण्याची ४९० कोटी फ्रँकची योजना २४ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतात ५२.७ टक्के मतांनी फेटाळली गेली. त्याच महिन्यात रेल्वेचीही वाईट बातमी आली. २०३५ पर्यंतची मंजूर कामं ठरल्यापेक्षा सुमारे १,४०० कोटी फ्रँकने महाग पडणार, असं खात्याच्याच परिवहन कार्यालयाने जाहीर केलं. शेवटी रोश्टी यांनी झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाला सगळ्या रस्ते-रेल्वे प्रकल्पांची यादी तपासून कुठलं आधी, कुठलं नंतर हे सांगायला लावलं. तो अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. आता कुणाच्या गावचं स्टेशन यादीत खाली गेलं, यावरून वाद चालू आहे. हे मात्र अगदी आपल्यासारखंच.

विजेचं आश्वासन वेगळं कसं?

ट्रकच्या बाबतीत आकडा होता, तारीख होती. अणुऊर्जेच्या बाबतीत तारीखच ठेवली नाही.

मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना झाली. २५ मे २०११ रोजी स्विस सरकारने ठरवलं की नवे अणुऊर्जा प्रकल्प बांधायचे नाहीत. लॉयथार्ड तेव्हा या खात्याच्या मंत्री होत्या. २१ मे २०१७ च्या सार्वमतात ५८.२ टक्के लोकांनी त्याला मान्यता दिली. पण चालू अणुभट्ट्या कधी बंद करायच्या हे त्यात नव्हतं. सुरक्षित आहेत तोवर चालू द्या, एवढंच. तेव्हाच्या पाचपैकी म्युलेबर्गची भट्टी २० डिसेंबर २०१९ रोजी बंद झाली, तीही कंपनीने परवडत नाही म्हणून केली. उरलेल्या चारपैकी बेत्स्नाऊची पहिली भट्टी १९६९ सालची आहे, म्हणजे आपल्या तारापूरच्याच वयाची. ती २०३३ पर्यंत चालवायचा कंपनीचा बेत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर सरकारने नव्या प्रकल्पांवरची बंदी उठवण्याची तयारी दाखवली. २०१७ चा निर्णय अजून कायद्यात आहे, पण त्याच्यामागचं सरकारी मन बदललं आहे.

मन का बदललं, याचं उत्तर हिवाळ्यात आहे. स्वित्झर्लंडची निम्म्याहून जास्त वीज पाण्यापासून तयार होते. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, धरणं भरतात, वीज उरते आणि शेजाऱ्यांना विकली जाते. हिवाळ्यात पाणी गोठतं, सूर्य लवकर मावळतो आणि वीज बाहेरून आणावी लागते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपभर विजेची चिंता वाढली, तेव्हा ही आयात किती भरवशाची, हा प्रश्न पहिल्यांदाच सामान्य घरात चर्चेला आला.

संसदेने सप्टेंबर २०२२ मध्ये घाईने कायदा केला. ढगांच्या वर, बर्फाळ उतारावर मोठे सौर प्रकल्प लावा, ६० टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देईल. तिथे हिवाळ्यातही ऊन असतं, शिवाय बर्फावरून परावर्तित झालेला प्रकाशही मिळतो. कागदावर कल्पना झकास. पण सर्वाधिक ऊन आणि डोंगर असलेल्या वाले या राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकल्पांना झटपट परवानगी देण्याचा प्रस्ताव मतदानात नाकारला. अनेक गावांनीही आपापल्या मतदानात 'आमच्या डोंगरावर नको' असं सांगितलं. पवनचक्क्यांची गोष्ट तशीच. देशभरात मिळून त्या पन्नासच्या आसपास आहेत. एवढ्या तर साताऱ्याच्या एखाद्या पठारावर दिसतात.

छतावरच्या सौर पॅनेलनी मात्र खात्याची लाज राखली. २०२४ मध्ये त्यांतून सुमारे ६ अब्ज युनिट वीज मिळाली, देशाच्या विजेच्या वापराच्या दहा टक्क्यांच्या आसपास. कुणाच्या डोंगराला धक्का नाही, कुणाची हरकत नाही. जून २०२४ मध्ये ६८.७ टक्के मतांनी मंजूर झालेल्या वीज कायद्याचं उद्दिष्ट त्यापेक्षा बरंच पुढचं आहे: जलविद्युत सोडून इतर नवीकरणीय स्रोतांतून २०३५ पर्यंत वर्षाला ३५ अब्ज युनिट.

या कहाणीत खुद्द मंत्र्यांचीही गंमत आहे. रोश्टी पूर्वी तेल विक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याच्या कायद्याविरुद्ध त्यांच्याच पक्षाने सह्या जमवून सार्वमत मागितलं. पण स्विस पद्धतीत सातही मंत्र्यांनी सरकारचीच बाजू मांडायची असते. त्यामुळे रोश्टी मंत्री म्हणून त्या कायद्याच्या बाजूने प्रचाराला उतरले आणि जून २०२३ मध्ये तो ५९.१ टक्के मतांनी मंजूर झाला. दोनच वर्षांपूर्वी, जून २०२१ मध्ये, पेट्रोलवर जादा भार टाकू शकणारा कार्बन कायदा याच मतदारांनी थोडक्या फरकाने पाडला होता. दोन्हींत फरक एवढाच दिसतो की नव्या कायद्यात कर नव्हते, अनुदानं होती.

इंटरनेट आणि मोबाइल?

दळणवळणात खात्याचं काम त्या मानाने सुरळीत आहे. कायमस्वरूपी वस्ती असलेल्या कुठल्याही घराला, अगदी डोंगरातल्या एकट्या शेतघरालाही, किमान ठरावीक वेगाचं इंटरनेट मागण्याचा हक्क आहे. हा वेग आधी १० एमबीपीएस होता, जानेवारी २०२४ पासून ८० एमबीपीएसही मागता येतो. ते पुरवायची जबाबदारी स्विसकॉम या कंपनीवर आहे.

फाइव्ह-जीचं तसं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये लहरींचा लिलाव झाला, सुमारे ३८ कोटी फ्रँक मिळाले. पण तिथले टॉवरच्या किरणोत्सर्गाचे नियम आंतरराष्ट्रीय शिफारशींपेक्षा साधारण दहापट कडक आहेत, आणि संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ आणि २०१८ असं दोनदा ते सैल करायला नकार दिला. त्यामुळे जुन्या टॉवरवर नवी यंत्रं बसवायला जागाच उरत नाही आणि नव्या टॉवरला गावकरी हरकत घेतात. एकच सरकार एका हाताने परवाना विकतं आणि दुसऱ्या हाताने तो वापरणं कठीण करतं, अशी कंपन्यांची तक्रार आहे. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घर वर्षाला ३३५ फ्रँक शुल्क भरतं. हे शुल्क रद्द करण्याची मागणी मार्च २०१८ मध्ये ७१.६ टक्के मतांनी फेटाळली गेली. नंतर ते २०० फ्रँकवर आणण्याची मोहीम निघाली, आणि मंत्री होण्यापूर्वी रोश्टी स्वतः त्या मोहिमेच्या पुढाकार घेणाऱ्यांत होते. मंत्री झाल्यावर त्यांना तिला विरोध करावा लागला. मधला मार्ग म्हणून २०२९ पर्यंत शुल्क ३०० फ्रँकवर आणायचं सरकारने २०२४ मध्ये ठरवलं.

पुढची कसोटी कुठे?

पुन्हा गोटहार्डलाच. १९८० चा रस्ता-बोगदा दुरुस्तीला आला आहे. तो बंद ठेवण्यापेक्षा शेजारी दुसरा खोदायचा, असं फेब्रुवारी २०१६ च्या सार्वमतात ५७ टक्के लोकांनी मान्य केलं. काम चालू आहे, २०३० च्या सुमारास तो तयार होईल अशी अपेक्षा आहे. मग जुना दुरुस्त होईल आणि दोन्ही वापरात येतील. पण राज्यघटना सांगते की आल्प्समधल्या रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही. म्हणून कायद्यात अट आहे: दोन बोगदे झाले तरी प्रत्येक दिशेने एकच लेन उघडी राहील, दुसरी लेन बिघडलेल्या गाड्यांसाठी मोकळी. सुट्ट्यांच्या हंगामात या बोगद्याबाहेर दहा-दहा किलोमीटरच्या रांगा लागतात. त्या रांगेत उभं राहून शेजारची रिकामी लेन बघायची आणि तरीही ती उघडा अशी मागणी करायची नाही, ही अपेक्षा १९९४ मध्ये मतदारांनी स्वतःकडूनच करून ठेवली आहे.